‘आपण काय करता?’ – हा आरोग्याचाही प्रश्न आहे

दवाखान्यात केसपेपर करताना नाव, वय, गाव विचारून झाले की चौथा प्रश्न येतो – ‘काय करता?’ आमच्या भागात या प्रश्नाचे उत्तर बहुधा कामाच्या नावाने येत नाही, ठिकाणाच्या नावाने येते. ‘कारखान्यात आहे’, ‘वाडीला आहे’, ‘एस.टी.त आहे’, ‘यार्डात आहे.’ कारखान्यात म्हणजे पॅनवर की केनयार्डात, एस.टी.त म्हणजे गाडीवर की वर्कशॉपमध्ये, हे पुढे खोदून विचारावे लागते. ज्याचे काम सुटले आहे तो माणूस मात्र या प्रश्नाला क्षणभर थांबतो. आवाज थोडा खाली येतो. ‘काय नाही, घरीच असतो,’ असे म्हणतो. त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळण्याआधीच निम्मी हकीकत मला कळलेली असते.

वाचकहो, पगार थांबला की घराला ते लगेच कळते. पण कामाबरोबर माणसाचे नावही थांबते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पगाराची थोडीफार भरपाई पेन्शन, फंड किंवा मुलांची कमाई करते. नावाच्या भरपाईची तरतूद कोणीच केलेली नसते. आणि अनेकांचे दुखणे नेमके तिथून सुरू होते, असे माझे मत आहे. आज त्याबद्दल.

नाव कामाला चिकटते

आपल्या गावांतून माणसाला आईबापांनी ठेवलेले नाव फार तर शाळा सुटेपर्यंत टिकते. पुढे तो मास्तर होतो, कंडक्टर होतो, वायरमन होतो, मुकादम होतो, चिटबॉय होतो. त्याच्या दाराला विचारताना ‘वायरमनचे घर कुठले?’ असेच विचारले जाते. त्याच्या बायकोला मास्तरीणबाई म्हणतात, मग ती शाळेची पायरी चढलेली असो वा नसो. चाळीस वर्षे ज्या नावाने हाक ऐकली ते नाव एका ३१ तारखेला संध्याकाळी साडेपाच वाजता काढून ठेवा म्हटले, तर माणसाने ठेवायचे कुठे?

आपल्या जिल्ह्यात तर एका अख्ख्या गावाचे नावच कामावरून पडले आहे. बेळगावात सायकलचे दुकान चालवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली औंध संस्थानात आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने भरलेली माळजमीन त्यांना दिली. तिथे कारखाना उभा राहिला, कामगारांची घरे झाली आणि किर्लोस्करवाडी वसली. पुढे स्टेशनाचे नावही तेच झाले. १९२० साली तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. म्हणजे कारखाना, वस्ती, स्टेशन आणि मासिक, सर्वांचे नाव एकच. पलूस-कुंडलकडचा माणूस आजही नुसते ‘वाडी’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला सर्व कळते. ‘आमचे वडील वाडीला होते’ या चार शब्दांत नोकरी, पत, शिस्त, पोरांचे शिक्षण सगळे येते. हा काही पोकळ अभिमान नव्हे. नांगराचा फाळ ओतणाऱ्या मोल्डरला आपण शेतकऱ्याच्या उपयोगी पडतो हे ठाऊक होते, आणि तसे ठाऊक असणे प्रकृतीला मानवते.

नाव सुटल्यावर

आता दुसरी बाजू पाहू. काम सुटून सहा-आठ महिने झालेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा ‘मला उदास वाटते’ असे तो कधीही म्हणत नाही. आमच्याकडे पुरुषांच्या तोंडी तो शब्दच नाही. तो म्हणतो, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. छातीत दाबल्यासारखे होते. पित्त वाढले आहे. तोंडाला चव नाही. ई.सी.जी. काढावा तर सरळ येतो. पूर्वी एका गोळीत आटोक्यात असलेले ब्लडप्रेशर आता दोन गोळ्यांना दाद देत नाही. डायबेटिसचेही तसेच, डबा, पाळी आणि जेवणाची सुट्टी यांच्या वेळा ठरलेल्या होत्या तोवर साखर सांभाळली जात होती. आता नाश्ता दहाला, जेवण तीनला, मध्ये चार वेळा चहा आणि तंबाखूची पुडी दुप्पट.

फौंड्रीतून निवृत्त झालेले एक काका मला म्हणाले, ‘डॉक्टर, भोंगा झाला की पाय आपोआप दाराकडं जातात बघा. चप्पल घातल्यावर ध्यानात येतं, जायचं कुठं?’ शेजारी बसलेल्या काकूंची तक्रार वेगळीच होती. ‘चाळीस वर्षं घरात भांडं कुठं असतंय हे ठाऊक न्हवतं. आता फोडणीत मोहरी किती घालायची ते मला सांगतात.’ आम्ही तिघेही हसलो. पण काकांचे हसणे लवकर थांबले.

अशा माणसाला घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा डॉक्टरही एकच सल्ला देतात – ‘आता आराम करा. खूप केलंत आयुष्यभर.’ सल्ला मायेचा आहे, पण औषध म्हणून चुकीचा आहे. ज्याला रिकामपणाने आजारी पाडले, त्याला आणखी रिकामपण देऊन तो बरा कसा होईल?

मारिएनथालची गोष्ट

हे केवळ आमच्या दवाखान्यातले निरीक्षण नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएनथाल नावाचे एक छोटे गाव आहे. तिथली कापडगिरणी हीच गावची पोशिंदी होती. १९३० च्या सुमारास ती बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या तरुण संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या गावात राहून बारकाईने पाहणी केली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले.

त्यांना काय दिसले? लोकांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेणे वाढण्याऐवजी कमी झाले. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, पावलोपावली थांबू लागले. पुष्कळांनी खिशात घड्याळ बाळगणे सोडले. दिवसभरात काय केले असे विचारले तर उत्तर देता येईना. बायका मात्र पूर्वीसारख्याच भराभर चालत होत्या, कारण चूल, मुले आणि धुणीभांडी यांची गिरणी काही बंद पडली नव्हती.

या अनुभवावर विचार करून याहोदाबाईंनी पुढे एक साधी मांडणी केली. कामाचे ठिकाण पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला एक आखणी देते. घराबाहेरची चार माणसे देते. एकट्याने न होणाऱ्या कामात वाटा देते. समाजात एक ओळख देते. आणि हातपाय व डोके चालते ठेवते. काम सुटले की या पाचही गोष्टी एकदम जातात. आमच्याकडे निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि बरेचदा भिंतीवरचे घड्याळ देतात. ज्याच्या वेळेला आता कोणी विचारणार नाही त्याला घड्याळ देण्याची ही रीत कोणी पाडली कोण जाणे!

मुंबईहून परतलेली माणसे

इतक्या लांबचे उदाहरण नको असेल तर जवळचे आहे. शिराळा, पाटण, जावळी या डोंगरी भागांतल्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस मुंबईच्या गिरणीत होता. गावी त्याची ओळख ‘मुंबईकर’ अशी. जत्रेला तो ट्रंक घेऊन उतरला की वाडीत वेगळी चहलपहल होई. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या मात्र पुढे एकेक करून बंद पडल्या. दत्ता सामंत स्वतः पेशाने डॉक्टर होते हे येथे सहज आठवते.

संपाच्या आर्थिक बाजूवर पुष्कळ लिहिले गेले आहे. गावाकडे परतलेल्या माणसाचे काय झाले, यावर त्या मानाने कमी. शेत भावाने कसलेले, बैल भावाचे, गावकीच्या बैठकीत बोलण्याची सवय गेलेली. साच्यावर हात बसलेला, तो नांगरावर बसेना. मुंबईत तो साचेवाला होता, गावात नुसता ‘संपातला’ झाला. गावोगावी असे म्हातारे होते. त्यांतले काही दारूच्या आहारी गेले, काही गप्प झाले. गप्प झालेल्यांना कोणी दवाखान्यात आणले नाही, कारण गप्प बसणे हा आजार असू शकतो असे कोणाला वाटले नाही.

बायकांचे नाव

स्त्रियांच्या बाबतीत हे गणित वेगळे आहे. घर आणि शेत हेच जिचे कामाचे ठिकाण, तिला निवृत्तीच नाही. त्यामुळे तिचा दिवस मोडत नाही. पण तिला नावही मिळत नाही. सांगलीच्या हळदीला देशभर नाव आहे. ती हळद निवडणाऱ्या, पाखडणाऱ्या बायकांची नावे कोणाला ठाऊक असतात? कंबर दुखते म्हणून त्या येतात आणि ‘काय करता?’ या प्रश्नाला हमखास उत्तर देतात, ‘काय नाही.’ दिवसाचे आठ-नऊ तास उकिडवे बसणाऱ्या बाईने ‘काय नाही’ म्हणावे, यासारखे चुकीचे उत्तर केसपेपरवर दुसरे नसेल.

याउलट २००५ नंतर गावोगावी ‘आशा’ आल्या. त्यांचा मोबदला कमी आहे, त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागते, ही वस्तुस्थिती आहे आणि ती बदलली पाहिजे. पण कालपर्यंत अमक्याची सून असलेली बाई आज ‘आशाताई’ म्हणून ओळखली जाते, सरपंच तिला खुर्ची देतो, बाळंतिणीच्या घरी तिचा शब्द चालतो. तिची चाल बदलते, बोलणे बदलते. अंगणवाडीच्या बाईंचेही तसेच. बाईला घराबाहेर काम मिळणे हा तिच्या प्रकृतीशी संबंधित विषय आहे, हे सासरच्यांनी लक्षात घ्यावे.

गाठ फार घट्ट असली तरी

ओळख कामाला बांधलेली असणे चांगले, पण गाठ निरगाठ झाली तर ती आवळते. गाडीवरून काढतील या भीतीने डोळ्यांवर आलेली अंधारी लपवणारा ड्रायव्हर मी पाहिला आहे. ‘ड्रायव्हर नाही तर मी कोण?’ हा त्याचा प्रश्न होता. गाडीतल्या पन्नास जणांचा विचार त्याच्या मनात त्यानंतर येत होता. खुर्चीवरून उतरल्यावरही घरात साहेबच राहणारे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असतील. सून चहा घेऊन आली की ते फाईल आल्यासारखे पाहतात.

पुण्याला संगणकाच्या कंपन्यांत असणारी आपली मुलेही यातून सुटलेली नाहीत. गळ्यात ओळखपत्राची फीत असते तोवर ती अमुक कंपनीची असतात. एका सकाळी ई-मेल येतो आणि ओळखपत्र दाराला लागत नाही. तिशीतला मुलगा गावी येऊन ‘घरून काम चालू आहे’ असे आईला सांगतो आणि खोलीचे दार लावून बसतो. कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात घेतली. आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून. काम असण्याचा ताण आणि काम नसण्याचा ताण, दोन्हींनी शरीर झिजते.

मग तग कोण धरतो? माझ्या पाहण्यात, ज्याची ओळख फाटकावरच्या पाटीला नव्हे तर हातातल्या हुन्नराला बांधलेली असते तो. खानापूर-आटपाडीकडचे सोने-चांदीचे गलाई व्यावसायिक पाहा. पिढ्यान्‌पिढ्या ते देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन भट्टी लावतात. गाव बदलते, दुकान बदलते, भाषा बदलते; सोने गाळून शुद्ध करण्याची विद्या बरोबर राहते. ‘मी अमक्या कंपनीत होतो’ हे वाक्य भूतकाळात जाते. ‘मी मोल्डर आहे’ हे वाक्य हात थरथरेपर्यंत वर्तमानकाळात राहू शकते.

कामातून नवे नाव कोणत्याही वयात मिळू शकते याचा पुरावाही आपल्याच जिल्ह्यात आहे. आटपाडीजवळ १९३९ साली औंधच्या राजांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून, स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू केली. जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीवाचून राहू लागले, शेती पिकवू लागले. त्याच कल्पनेवर माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. ज्याच्या नावापुढे ‘खुनी’ लागले होते त्याला ‘शेतकरी’ म्हणवून घेता आले. मग निवृत्त वायरमनला किंवा बंद पडलेल्या गिरणीच्या कामगाराला दुसरे नाव मिळणे अशक्य का असावे?

काय करता येईल?

पहिली गोष्ट, तयारी आधी करावी. सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ वे वर्ष ठाऊक असते. फंडाचा हिशेब आपण दोन-दोन वर्षे आधी मांडतो. दिवसाचा हिशेबही तेव्हाच मांडावा. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता मी कुठे असेन, या प्रश्नाला ठोस उत्तर हवे. ‘बघू’ हे उत्तर नव्हे.

दुसरी गोष्ट, सगळे कपडे एकाच खुंटीला टांगू नयेत. नोकरी चालू असतानाच दुसरी एक खुंटी ठोकावी. भजनी मंडळ, तालीम, वाचनालय, दूध सोसायटीचा हिशेब, शाळेतल्या मुलांना गणित, काहीही चालेल. त्यात वरच्या पाच गोष्टींपैकी निदान तीन मिळाल्या पाहिजेत. नुसते पारावर बसण्यात चार माणसे मिळतात, पण बाकीचे मिळत नाही. रोज सकाळी पाऊण तास चालावे, आणि शक्य तर कोणाबरोबर तरी. सोबती वाट पाहतो म्हणून उठणे हेच निम्मे औषध आहे.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. निवृत्त माणसाला बँकेत, रेशनला, दळणाला पाठवणे म्हणजे काम देणे नव्हे. ज्या कामात त्याचे मत घेतले जाते ते काम द्यावे. आणि ‘तुम्हाला काय कळतंय आता’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे.

चौथी गोष्ट कारखाने आणि कार्यालयांसाठी. तीस-तीस वर्षे मशीन हाताळलेला फिटर नव्या पोराला महिन्यातून दोन दिवस शिकवायला बोलावला, तर खर्च जाण्यायेण्याचा आणि चहाचा. आय.टी.आय.च्या मुलांचा फायदा होईल तो वेगळाच. निरोप समारंभात भाषणे करणाऱ्या साहेबांनी एवढे ठरवले तर शालीपेक्षा ते अधिक ऊब देईल.

पाचवी गोष्ट आम्हा डॉक्टरांसाठी. केसपेपरवर ‘सेवानिवृत्त’ किंवा ‘घरकाम’ लिहून पुढे जाऊ नये. आधी काय करत होता, केव्हा सुटले, आता सकाळ कशी जाते, हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. एका अनावश्यक तपासणीचे पैसे त्यात वाचू शकतात.

डॉक्टरांकडे केव्हा?

काम सुटल्यावर काही दिवस चुकल्यासारखे वाटणारच. पण झोप मोडणे, भूक जाणे, वजन घटणे, कशातच मन न लागणे, चिडचिड किंवा अबोला हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ या तपासण्या डॉक्टर गरजेप्रमाणे करतील. कारण सगळेच मनावर ढकलणेही बरोबर नाही. वृद्धांमधला विसराळूपणा कधीकधी उदासीनतेमुळे असतो आणि उपचारांनी सुधारतो. छातीत दुखत असेल तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नये. जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखवले तर ते बोलणे गंभीरपणे घ्यावे, त्या माणसाला एकटे सोडू नये. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत दूरध्वनी २०२२ पासून चालू आहे. तिथे मराठीतही बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही.

शेवटी एक छोटी विनंती. तुमच्या गल्लीत नुकताच निवृत्त झालेला किंवा काम सुटलेला एखादा माणूस असेलच. त्याला भेटल्यावर ‘मग, आराम चाललाय का?’ असे विचारू नका. त्याला जे येते त्यातले एखादे काम घेऊन त्याच्याकडे जा. मोटार बिघडली असेल, मुलाचे गणित अडले असेल, सोसायटीचा ताळेबंद जुळत नसेल. ‘तात्या, हे जरा बघता का?’ एवढेच म्हणा. चष्मा पुसून तो पुढे सरकेल. त्या रात्री त्याला झोप बरी लागेल असे मला वाटते.